किवीचं अंडं एवढं मोठं आणि शहामृगाचं त्याच्या मानाने लहान, असं का?

एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वर्गात त्यांनी किवीच्या मादीचं क्ष-किरण चित्र दाखवलं. अंगात दुसरं काही मावायला जागाच उरली नाही असं वाटावं, एवढं मोठं अंडं. एक मुलगा म्हणाला, ‘‘किवीला उडायचं नसतं, म्हणून जड अंडं चालतं.’’ त्यावर एका मुलीने विचारलं, ‘‘मग शहामृग कुठे उडतो? त्याचं अंडं त्याच्या मानाने इतकं लहान कसं?’’ बाईंना विचारायचं आहे की दोघांपैकी बरोबर कोण, आणि मुलांना नेमकं काय सांगावं.

मी गेली सव्वीस वर्षं उबवणी यंत्रांबरोबर काम करतो आहे. सुरुवात कोंबड्यांच्या हॅचरीत झाली. पुढे आपल्याकडे इमूपालनाची लाट आली, तेव्हा पाच-सहा हंगाम इमूची अंडी उबवली. किवीचं अंडं मी हातात घेतलेलं नाही, तो पक्षी न्यूझीलंडचा आणि त्याचं काम तिथली माणसं करतात. पण अंडं म्हणजे काय, ते कुठे अडतं, पिल्लू आत कशाने मरतं आणि कशाने तरतं, हे रोज पाहिल्यामुळे या प्रश्नाकडे मी थोडं वेगळ्या बाजूने बघतो.

आधी आकडे घेऊ. शहामृगाचं अंडं सरासरी १.४ किलोचं. आज जगात असलेल्या कुठल्याही पक्ष्याचं एवढं मोठं अंडं नाही. पण मादी असते शंभर किलोच्या घरात, म्हणजे अंडं तिच्या वजनाच्या दीड टक्क्याच्या आसपास. इमूचं अंडं ४५० ते ६५० ग्रॅम, मादी ३५ ते ४० किलो. तेही दीड टक्काच. आपली गावरान कोंबडी तीन-चार टक्क्यांचं अंडं देते. आणि तपकिरी किवीची मादी अडीच-तीन किलोची, अंडं ४३० ग्रॅमच्या आगेमागे. हे झाले पंधरा टक्के, आणि काही माद्यांमध्ये ते वीसपर्यंत जातात.

हे आकडे प्रसंगानुसार हलतात, हे मुलांना जरूर सांगा. मादीचं वय, खाणं, हंगाम, पहिलं अंडं की दुसरं, या सगळ्याने फरक पडतो. इमूची नवी मादी पहिल्या हंगामात चारशे ग्रॅमचं अंडं द्यायची आणि दोन वर्षांनी तीच सहाशेचं, हे मी वजनकाट्यावर पाहिलंय. त्यामुळे ‘अमुक पक्षी इतके टक्के’ हे वाक्य नेहमी ‘साधारण’ असं धरूनच वाचावं.

आता मुलाच्या उत्तराकडे येतो. उडायचं नसलं की वजनाची एक अडचण दूर होते, एवढं त्याचं खरं आहे. पण अडचण दूर झाली म्हणजे कारण मिळालं असं होत नाही. त्याच न्यूझीलंडमध्ये काकापो नावाचा पोपट आहे. तोही उडत नाही, जमिनीवर राहतो, रात्री हिंडतो. मादी सव्वा ते दीड किलोची आणि अंडं फक्त चाळीस ग्रॅमचं, जेमतेम तीन टक्के. सम्राट पेंग्विनही उडत नाही. त्याची मादी तीस किलोच्या आसपास आणि एकुलतं एक अंडं साडेचारशे ग्रॅमचं, म्हणजे पुन्हा दीड टक्का. उलट उघड्या समुद्रावर आयुष्य काढणारे वादळपाखरू जातीचे चिमुकले पक्षी उत्तम उडतात, आणि त्यांचं अंडं मादीच्या वजनाच्या पाव हिश्शाइतकं असतं. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचा मालेओ उडतो, वजन दीड किलो, आणि त्याचं अंडं कोंबडीच्या चार-पाच अंड्यांएवढं. म्हणजे उडणं आणि अंड्याचा आकार यांची गाठ सरळ बसत नाही. त्या मुलीची शंका रास्त आहे.

माझ्या मते खरा प्रश्न ‘अंडं किती मोठं’ हा नाहीच. पिल्लू बाहेर येईल तेव्हा ते किती तयार असणार आहे, आणि त्यानंतर त्याला खाऊ कोण घालणार आहे, हे आधी विचारायला हवं. अंडं म्हणजे आईने आधीच बांधून दिलेली शिदोरी. पुढे घरचं कुणी डबा घेऊन येणार असेल तर लहान शिदोरी चालते. कुणीच येणार नसेल, तर सगळं आधीच बांधावं लागतं.

हे समजायला न्यूझीलंडला जायची गरज नाही. शाळेच्या खिडकीत कबूतर असेल आणि मैदानापलीकडच्या माळावर टिटवी. कबूतर अंगाने टिटवीपेक्षा बरंच भारी, पण दोघांची अंडी जवळजवळ सारख्याच वजनाची. का? कबूतराचं पिल्लू बाहेर येतं तेव्हा आंधळं आणि जवळपास उघडं असतं. आई-बाप त्याला गळ्यातलं दूध भरवतात. टिटवीचं पिल्लू अंगावर लव घेऊन, डोळे उघडे ठेवून येतं आणि लवकरच आईमागे पळायला लागतं. त्याला अंड्याच्या आतच जास्त दिवस, जास्त शिदोरीवर वाढावं लागतं. अंडं फोडून पाहिलं तर हा फरक बलकात दिसतो. आयतं खाणाऱ्या पिल्लांच्या अंड्यात बलक पाव हिश्शाच्या आसपास, कोंबडीच्या अंड्यात साधारण एक तृतीयांश, आणि किवीच्या अंड्यात जवळपास दोन तृतीयांश.

म्हणून किवीचं अंडं नुसतं मोठं नाही, ते आतून घट्ट भरलेलं आहे. पिल्लू बाहेर येतं ते प्रौढासारखी पिसं अंगावर घेऊनच. कवच चोचीने टोचत बसत नाही, पायांनी लाथा मारून फोडतं. पहिले काही दिवस पोट एवढं फुगलेलं असतं की धड उभंही राहता येत नाही, कारण उरलेला बलक पोटातच असतो. साधारण दहा दिवस ते त्यावरच काढतं आणि मग बिळाबाहेर जाऊन स्वतःच्या चोचीने किडे शोधायला लागतं. आई भरवत नाही, बापही भरवत नाही.

हे सगळं तयार करायला मादीला काय करावं लागतं तेही मुलांना सांगा. एका खेपेला एक किंवा दोन अंडी, आणि दोन अंड्यांमध्ये तीन-चार आठवड्यांचं अंतर. शेवटच्या दोन-तीन दिवसांत पोटात अन्नाला जागाच राहत नाही, म्हणून ती उपाशी असते. बहुतेक पक्ष्यांच्या माद्यांमध्ये डावाच अंडाशय काम करतो. किवीत दोन्ही करतात. अंडं घातलं की तपकिरी किवीत उबवायचं काम नराचं. ते चालतं ७० ते ९० दिवस. शहामृगाचं तिप्पट मोठं अंडं ४२ दिवसांत फुटतं, हे लक्षात घेतलं की किवीच्या नराचा धीर समजतो.

आता शहामृगाकडे. इथे माझा हॅचरीतला अनुभव जास्त उपयोगी पडतो, कारण अंडं मोठं झालं की कुठे कुठे अडतं ते मी इमूच्या पहिल्याच हंगामात शिकलो, आणि ते शिकणं महागात पडलं.

कोंबडीची अंडी आम्ही साडेसदतीस अंशांना आणि पन्नास-साठ टक्के दमटपणात ठेवायचो. इमूची पहिली खेप मी त्याच अंदाजाने लावली. बरीचशी अंडी फुटलीच नाहीत. जी मी शेवटी हाताने उघडली त्यातली पिल्लं पूर्ण वाढलेली होती, पण अंगात पाणी भरून सुजलेली, बलक आत ओढून न घेतलेली. त्या अंड्यांसाठी शेतकऱ्यांनी चांगले पैसे मोजले होते. ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे, आणि त्या रात्री मी पहिल्यांदा या अंड्यांचा हिशेब कागदावर मांडला.

अंडं मोठं होतं तेव्हा त्याचा आतला ऐवज ज्या वेगाने वाढतो त्या वेगाने त्याचा पृष्ठभाग वाढत नाही. प्राणवायू आत जाणं, ओलावा बाहेर पडणं, पिल्लाची उष्णता बाहेर जाणं, हे सगळं त्या पृष्ठभागातूनच व्हायचं असतं. शेवटच्या पंधरवड्यात पिल्लू स्वतः उष्णता तयार करतं आणि मोठ्या अंड्यात ती कोंडते. म्हणून इमूला ३६.३ अंशांच्या आसपासच ठेवावं लागतं, हवा कोरडी लागते, आणि पन्नास दिवसांत अंड्याचं वजन साधारण पंधरा टक्क्यांनी घटलं पाहिजे. आम्ही दर आठवड्याला प्रत्येक अंडं तोलायचो. इमूचं कवच गडद हिरवं असतं, त्यात दिवा धरला तर काही दिसत नाही. त्यामुळे वजनकाटा हाच आमचा डोळा होता. दुसऱ्या हंगामात असं केलं आणि पिल्लं कोरडी, नीट उभी राहणारी निघाली.

दुसरी अडचण कवचाची. कोंबडीचं कवच मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढं, इमूचं एक मिलिमीटर, शहामृगाचं जवळपास दोन. एवढं जाड का, तर त्यावर शंभर किलोहून जास्त वजनाचा पक्षी बसणार असतो. पण कवच जाड केलं की दोन संकटं उभी राहतात: छिद्रं लांब होऊन हवा जायला अडचण, आणि आतल्या पिल्लाला ते फोडायचंही असतं. पातळ ठेवावं तर बसणाऱ्याखाली चुरा. या दोन भिंतींच्या मधून जेवढी वाट आहे, तेवढंच अंडं वाढू शकतं. म्हणून पक्ष्यांमध्ये सर्वसाधारण असं दिसतं की शरीर दहापट झालं तर अंडं सहापटच होतं. शरीर पुढे पळतं, अंडं मागे राहतं. टक्केवारी मोठ्या पक्ष्यांमध्ये घसरते ती यामुळे. यात शहामृग त्याच्या आकाराच्या हिशेबानेही थोडं लहानच अंडं घालतो आणि किवी चांगलं तिपटीहून मोठं. म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नातला अर्धा भाग नुसत्या भूमितीने सुटतो, उरलेल्या अर्ध्यासाठी दोघांची जगण्याची रीत बघायला हवी.

शहामृग आफ्रिकेच्या उघड्या माळावर, जमिनीत उकरलेल्या उथळ खड्ड्यात अंडी घालतो. एकाच खड्ड्यात मुख्य मादीबरोबर इतर माद्याही घालून जातात, वीस-वीस अंडी जमतात. दिवसा करड्या रंगाची मादी बसते, रात्री काळा नर. आसपास कोल्हे, तरस. पांढरं गिधाड, जे आपल्याकडेही दिसतं, ते तर चोचीत दगड धरून शहामृगाच्या अंड्यावर आपटतं. अशा ठिकाणी सगळी पुंजी एका अंड्यात घालणं परवडणारं नाही. जास्त अंडी, लवकर उबणारी, आणि बाहेर येताच पळणारी पिल्लं, ज्यांना आई-बाप सांभाळून चारायला नेतात. हा बेत तिथे चालतो. मुख्य मादी स्वतःची अंडी ओळखून मधोमध ठेवते आणि परक्या मादीची कडेला सरकवते, हे केनियातल्या अभ्यासात दिसलं आहे. कडेची अंडी आधी जातात. कवचावरच्या बारीक खळग्यांची नक्षी प्रत्येक मादीची थोडी वेगळी असते. इमूच्या अंड्यांच्या बाबतीत आमचे जुने कामगारही न बघितल्यासारखं बघून सांगायचे की हे अमक्या जोडीचं. त्यामुळे शहामृगाला ते जमत असेल यात मला नवल वाटत नाही.

न्यूझीलंडमध्ये माणूस पोचण्याआधी वटवाघळं सोडली तर जमिनीवर सस्तन प्राणी जवळजवळ नव्हतेच. शिकारी होते ते पक्षी, डोळ्यांनी शोधणारे. बिळात अडीच महिने अंडं ठेवलं तरी वास काढत येणारं कुणी नव्हतं. एकच अंडं, भरपूर शिदोरी, सावकाश उबवणी, असा बेत तिथे टिकला. आज तोच बेत किवीच्या मुळावर आला आहे. १८८० च्या दशकात सशांचा बंदोबस्त करायला आणलेला स्टोट, मुंगसापेक्षा लहान पण तसाच चपळ, किवीची पिल्लं मारतो. जिथे या शिकाऱ्यांचा बंदोबस्त केलेला नाही, तिथे शंभरातली पाचच पिल्लं मोठी होतात. म्हणून १९९० च्या दशकापासून तिथली माणसं रानातून अंडी उचलून आणतात, रोटोरुआसारख्या ठिकाणी यंत्रात उबवतात आणि पिल्लू किलोभर वजनाचं झालं की परत सोडतात. एवढ्या वजनाचा किवी स्टोटला लाथेने हाकलू शकतो. उबवणीचं काम करणारा म्हणून सांगतो, अडीच महिने एका अंड्याची राखण करणं म्हणजे काय, हे विचार करूनच मन भरून येतं. कोंबडीची खेप बिघडली तर तीन आठवड्यांनी दुसरी लावता येते. तिथे पुढचं अंडं कधी मिळेल याची खात्री नसते.

टक्केवारीबद्दल अजून एक गोष्ट सांगायची आहे, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो. एका अंड्याची तुलना करून ‘किवीची आई सगळ्यात जास्त कष्ट घेते’ असं म्हणणं अपुरं आहे. पूर्ण हंगामाचा हिशेब करा. किवीची दोन अंडी म्हणजे तिच्या वजनाचे तीस टक्के. रानातल्या इमूची दहा अंडी धरली तर सहा किलो, म्हणजे पंधरा-सोळा टक्के. फार्मवर आम्ही अंडं रोज उचलायचो, म्हणून मादी घालतच राहायची. अंड्यांची संख्या तिसाच्या पुढे गेली की तिच्या अर्ध्या अंगाएवढं वजन एका हिवाळ्यात. आणि इमूत मादीचं काम तिथेच संपतं. नर आठ आठवडे जवळजवळ काही न खाता-पिता खुडूक बसतो आणि त्याचं वजन एक तृतीयांशाने उतरतं. काकापोची मादी अंडी लहान घालते खरी, पण नंतर नराच्या मदतीशिवाय पिल्लांना सहा महिन्यांपर्यंत भरवते. आणि तीही दरवर्षी नाही. रिमू नावाच्या झाडाला भरपूर फळं येतात त्या वर्षीच, म्हणजे दोन-चार वर्षांतून एकदा. खर्च सगळेच करतात. कुणी आधी करतं, कुणी नंतर, कुणाचा नर करतो.

तुमच्या वाचनात एक जुनं स्पष्टीकरण आलं असेल, त्याबद्दलही लिहितो. किवी पूर्वी मोआएवढा (न्यूझीलंडचाच, आता नामशेष झालेला प्रचंड पक्षी) मोठा होता, शरीर आटलं पण अंडं तेवढं आटलं नाही, असं मानलं जायचं. अमेरिकी शास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९८० च्या दशकात ही मांडणी लोकप्रिय केली. कल्पना सुंदर होती, मीही ती बरीच वर्षं लोकांना सांगत होतो. पण २०१४ मध्ये जुन्या हाडांतल्या डीएनएवरून कळलं की किवीचा सगळ्यात जवळचा नातलग मोआ नव्हे, तर मादागास्करचा नामशेष झालेला हत्तीपक्षी. न्यूझीलंडमध्येच किवीच्या घराण्यातल्या एका फार जुन्या, लहानखुऱ्या पक्ष्याची हाडंही सापडली आहेत, आणि तो बहुधा उडत असावा. म्हणजे किवी लहानाचाच लहान राहिला, अंडं त्याच्या जगण्याच्या रीतीने वाढलं, असं मानणं आज जास्त सयुक्तिक आहे. आणि योगायोग पाहा: हत्तीपक्ष्याचं अंडं फूटभराहून लांब, आठ-दहा लिटरचं, कोंबडीच्या दीडशे अंड्यांएवढं. आकाराने सगळ्यात मोठं अंडं घालणारा आणि शरीराच्या मानाने एवढं प्रचंड अंडं घालणारा, हे दोघे जवळचे भाऊबंद निघाले.

शहामृग हा आपल्या मुलांना फक्त परदेशातला पक्षी वाटतो. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे सापडले, आणि त्यातल्या एकावर माणसाने रेघा कोरलेल्या आहेत. वय सुमारे २५,००० वर्षं. या मातीवर शहामृग चालत होता आणि कुणीतरी त्याचं कवच हातात घेऊन त्यावर नक्षी काढत बसलं होतं. हे वर्गात सांगितलंत तर कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त लक्षात राहील.

तर मुलाला सांगा, उडायचं नसल्यामुळे जड अंड्याला वाट मिळाली, पण ते जड झालं पिल्लाला एकट्याने जगायचं होतं म्हणून. आणि मुलीला सांगा, शहामृगाचं अंडं लहान दिसतं त्यात थोडा वाटा कवचाचा आणि हवेचा, थोडा माळावरच्या कोल्ह्या-तरसांचा.

प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर साठ ग्रॅमचं एक अंडं उकडा, बलक वेगळा काढून तोला. अठरा-वीस ग्रॅम भरेल. मग आणखी एका अंड्याचा बलक त्याच्या शेजारी ठेवा. अंडं तेवढंच, पण किवीने भरलं असतं तर आत इतका बलक असता. पिल्लाला दहा दिवस पुरणारी शिदोरी ती हीच, हे मुलांना त्या ताटलीतच दिसेल.